कार्मेलचा वणवा आणि आपले कर्तव्य



शवात महिन्याची पौर्णिमा जवळ आली की आपल्या घराघरांत मालिद्याच्या ताटाची तयारी सुरू होते. भिजविलेले पोहे, गूळ, खोबरे, वेलदोडा, खजूर आणि ऋतूत मिळतील ती फळे अशा साहित्याने ताट सजते, एलियाहू हन्नाबीचे नाव घेतले जाते, आणि वडीलधारी मंडळी मुलांना पुन्हा एकदा ती गोष्ट सांगतात. अलिबागनजीकच्या खंडाळा गावी एक खडक आहे. त्याला आपले पूर्वज 'एलियाहू हन्नाबीचा टापा' म्हणत आले. नबी तेथे प्रकट झाले व तेथूनच वर गेले, त्यांच्या घोड्यांच्या टापांच्या आणि रथाच्या चाकांच्या खुणा त्या दगडावर उमटल्या, ही आपल्या जमातीची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा होय. तो दिवस तू बिश्वातचा, म्हणजे झाडांच्या नववर्षाचा. कोकणात आपण त्याला हन्नाबीचा उरूस म्हणत होतो. नबी आणि झाड ह्यांची सांगड आपल्या जमातीने अशी फार पूर्वीपासून घातलेली आहे.

इस्राएलात आल्यावर आपल्यापैकी अनेकांचे पाय हैफाच्या एलियाहूच्या गुहेकडे वळू लागले, ह्यात आश्चर्य ते काय? नवस फेडावयाचा असो, मुलाचे सैन्यातील पहिले वर्ष सुखरूप पार पडले म्हणून आभार मानावयाचे असोत, आपली कुटुंबे मालिद्याचे साहित्य घेऊन तेथे जातात, मेणबत्त्या लावतात, आणि संध्याकाळी घरी परततात. परंतु ज्या पर्वताच्या पायथ्याशी ती गुहा आहे, तो कार्मेल पर्वत २०१० साली चार दिवस जळत होता, आणि त्या आगीत चव्वेचाळीस माणसे मृत्यू पावली, ह्याची आठवण त्या गुहेपाशी उभे असताना आपल्यातील कितीजणांना होते? आज तो विषय आम्ही मुद्दाम वाचकांपुढे ठेवीत आहोत. केवळ शोक व्यक्त करावा एवढाच हेतू नाही. अशा वणव्याला समाजाने कसे उत्तर द्यावे, ह्याचा विचार सर्वांनी मिळून करावा, ही आमची इच्छा आहे.

तो गुरुवार

२०१० सालचा हिवाळा नावापुरताच हिवाळा होता. सुक्कोथ होऊन दोन महिने उलटले तरी आकाशातून धड पाऊस पडलेला नव्हता. उन्हाळ्याने करपलेले गवत, पाइनच्या झाडांखाली साचलेला सुयांचा थर आणि वाळलेली झुडपे ह्यांनी कार्मेलचे उतार भरून गेले होते. त्यातच पूर्वेकडून कोरडे वारे वाहू लागले. डिसेंबरच्या १ तारखेच्या संध्याकाळी घरोघरी हनुक्काचा पहिला दिवा लागला. दुसऱ्या दिवशी, गुरुवार ता. २ रोजी सकाळी अकराच्या सुमारास, उस्फिया ह्या द्रूझ गावाजवळ धूर दिसला. हुक्क्याचा एक पेटता निखारा एका पोरसवदा मुलाने निष्काळजीपणे टाकला व त्यातून आग लागली, असे पोलिसांच्या तपासात निघाले. एक निखारा! पुढे चार दिवस जे घडले त्याचे मूळ एवढेसे होते.

दुपारपर्यंत आग दऱ्याखोऱ्यांतून समुद्राच्या दिशेने धावू लागली. बेत ओरेन हा किबुत्झ, कलावंतांचे गाव म्हणून प्रसिद्ध असलेले एन होद, निर एत्झिओन, यमिन ओर्दे हे युवाग्राम, ही सारी ठिकाणे ज्वाळांच्या वाटेत आली. हैफा विद्यापीठ व शहराच्या टोकाची वस्ती रिकामी करण्यात आली. एकूण सुमारे सतरा हजार माणसांना घरदार सोडून निघावे लागले. त्या संध्याकाळी हनुक्काचा दुसरा दिवा अनेक कुटुंबांनी परक्या घरात लावला.

सोडवावयास गेलेली माणसे

पर्वतावर दामोन नावाचा तुरुंग आहे. त्या दिवशी त्यात सुमारे पाचशे कैदी होते आणि आग तुरुंगाच्या दिशेने येत होती. कोंडलेला मनुष्य आगीपासून पळू शकत नाही. त्याला कुणीतरी दार उघडून बाहेर न्यावे लागते. ह्या कामी मदत करण्यासाठी तुरुंग सेवेतील अधिकारपदाचे शिक्षण घेत असलेल्या प्रशिक्षणार्थींना बसने तिकडे पाठविण्यात आले. बेत ओरेनजवळच्या वळणाच्या रस्त्यावर ज्वाळांनी ती बस गाठली. वाऱ्याने आग इतक्या वेगाने वर चढली की बसमधून उतरून पळावयास निघालेल्यांनाही वाट मिळाली नाही.

मृतांमध्ये बहुसंख्य ह्या प्रशिक्षणार्थी व त्यांच्या अधिकाऱ्यांची होती. त्यांत यहुदी होते, द्रूझही होते. बसच्या मागोमाग आपल्या मोटारीतून निघालेल्या हैफा पोलिसांच्या प्रमुख अहुवा तोमेर गंभीर भाजल्या व ता. ६ रोजी रुग्णालयात निवर्तल्या. त्यांच्याबरोबरचे दोन वरिष्ठ पोलीस अधिकारीही गेले. अग्निशामक दलाचे जवान गेले, आणि त्यांच्यासोबत सोळा वर्षांचा एक मुलगाही गेला. हा मुलगा अग्निशामक दलाच्या स्वयंसेवकांपैकी होता. आगीची वार्ता कळताच तो शाळेतून निघून मदतीस धावला होता.

ह्या मृत्यूंकडे पाहताना एक गोष्ट नजरेआड होऊ नये. ही माणसे ज्यांना वाचवावयास निघाली होती, ते त्यांचे नातेवाईक नव्हते, मित्र नव्हते. ते कैदी होते, आणि त्यांत असेही होते की ज्यांना पुष्कळजण शत्रू म्हणतील. त्या कैद्यांना सुखरूप हलविण्यात आले. त्यांच्यासाठी निघालेली माणसे मात्र परत आली नाहीत. जीव वाचविताना कुणाचा जीव, हे विचारावयाचे नसते, असे आपल्या धर्मात आपण नेहमी म्हणतो. त्या दिवशी ते कार्मेलच्या रस्त्यावर आचरणात आले.

शेजारधर्म

संकटात समाजाची खरी परीक्षा होते. त्या चार दिवसांत ह्या देशातील सामान्य माणूस त्या परीक्षेस उतरला, असे म्हणावयास हरकत नाही. देशभरातून अनोळखी कुटुंबांनी विस्थापितांसाठी आपली घरे उघडली. कपडे, अंथरुणे, खेळणी, शिजविलेले अन्न ह्यांचा ओघ सुरू झाला. यमिन ओर्दे येथे दूरदूरच्या देशांतून आलेली, अनेकदा आईबापांवाचून आलेली मुले राहतात. त्यांचे ग्रंथालय व अनेक इमारती जळाल्या, परंतु सर्व मुले वेळीच बाहेर काढली गेली आणि पुढे ते ग्राम पुन्हा उभे राहिले. नवीन देशात आलेल्या मुलाचे पहिले घर जळणे म्हणजे काय, हे आलियाच्या पहिल्या वर्षांत पत्र्याच्या आणि लाकडाच्या घरांत राहिलेल्या आपल्या वडीलमंडळींना वेगळे सांगावयास नको.

परदेशांनीही हात आखडता घेतला नाही. ग्रीस, सायप्रस, बल्गेरिया, ब्रिटन, रशिया, फ्रान्स, स्पेन, इटली, अमेरिका आदी देशांकडून विमाने, हेलिकॉप्टरे, माणसे वा सामग्री आली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात गाझाकडे निघालेल्या जहाजांच्या प्रकरणावरून तुर्कस्तानशी आपले संबंध अत्यंत बिघडले होते. त्या तुर्कस्ताननेही दोन विमाने पाठविली. जॉर्डनने मदत दिली. पॅलेस्टिनी प्राधिकरणाचे बंब आणि त्यांचे जवान कार्मेलवर येऊन इस्राएली जवानांच्या खांद्याला खांदा लावून आगीशी लढले. अमेरिकेहून आलेल्या एका प्रचंड विमानात एका खेपेस पाऊण लाख लिटर पाणी व रसायन मावत असे. रविवार ता. ५ रोजी आग आटोक्यात आली. त्यानंतर आठवडाभरातच, ता. ११ व १२ रोजी, मोठे वादळ झाले व भरपूर पाऊस पडला. तोच पाऊस पंधरवडाभर आधी पडता तर!

उणिवा झाकू नयेत

दुःखाच्या काळात दोष दाखवू नयेत, असे काहींचे मत असते. आम्हांस ते पटत नाही. जे गेले त्यांचा मान राखावयाचा असेल तर ते का गेले, हे विचारलेच पाहिजे. पहिल्याच दिवशी देशातील अग्निरोधक रसायनाचा साठा संपला. आगीवर पाणी टाकणारी मोठी विमाने देशापाशी नव्हती. रात्री हेलिकॉप्टरे उतरावी लागली आणि रात्रभर आग मोकाट पसरत राहिली. अग्निशामक सेवा वेगवेगळ्या नगरपालिकांच्या व संघांच्या ताब्यात विखुरलेली होती. १९९५ साली जेरुसलेमच्या डोंगरांत मोठी आग लागली होती. तीनंतर नेमलेल्या समितीने सर्व सेवा एका छत्राखाली आणण्याची शिफारस केली, पण ती कागदावरच राहिली होती.

ह्या वेळी मात्र बदल झाले. ते उशिरा झाले, पण झाले. २०११ साली आगीवर पाणी टाकणाऱ्या विमानांचे स्वतंत्र पथक उभारले गेले व त्या सोळा वर्षांच्या स्वयंसेवकाच्या नावावरून त्याला 'एलाद' असे नाव देण्यात आले. २०१२ साली राज्य लेखापरीक्षकांचा विस्तृत अहवाल प्रसिद्ध झाला व त्यात सरकारातील वरिष्ठांवरही ठपका आला. त्याच वर्षी कायदा करून राष्ट्रीय अग्निशामक व बचाव प्राधिकरण स्थापन झाले.

ह्या बदलांची कसोटी २०१६ च्या नोव्हेंबरात लागली. पुन्हा कोरडा शरद, पुन्हा पूर्वेचा वारा, आणि ह्या वेळी आग थेट हैफा शहराच्या वस्त्यांत शिरली. एका दिवसात सुमारे साठ हजार लोकांना हलविण्यात आले. पाचशेहून अधिक घरे राहण्यास निरुपयोगी झाली. परंतु एकही मनुष्य मृत्यू पावला नाही. सहा वर्षांपूर्वीचे चव्वेचाळीस आणि ह्या वेळचे शून्य, ह्या दोन आकड्यांमधले अंतर शिस्त, सामग्री आणि वेळीच घर सोडण्याची लोकांची तयारी ह्यांनी भरून निघाले.

तरीही निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. २०२५ साली ३० एप्रिल रोजी, स्मृतिदिनीच, लात्रून व एश्ताओलच्या परिसरातील जंगले पेटली. जेरुसलेम–तेल अवीव महामार्ग बंद झाला, लोक मोटारी तेथेच सोडून पळाले, आणि त्या संध्याकाळचे स्वातंत्र्यदिनाचे कित्येक समारंभ रद्द करावे लागले. वणवा ह्या देशात पुन्हा पुन्हा येणार, हे धरूनच चालले पाहिजे.

झाडे लावावीत की थांबावे?

२०१० च्या आगीत सुमारे पंचवीस हजार दुनाम रान जळाले. ते पाहून सर्वांच्या मनात प्रथम आले ते हेच की, चला, झाडे लावू या. आपल्याही मनात तेच आले. तू बिश्वातला मुलांच्या हाती रोप द्यावे, खड्ड्यात माती लोटावी, हे चित्र आपल्याला प्रिय आहे. परंतु वनशास्त्रज्ञ व निसर्गरक्षक ह्यांनी सांगितले की, थोडे थांबा, डोंगराला त्याचे काम करू द्या.

त्याचे कारण समजण्याजोगे आहे. कार्मेलवरील जेरुसलेम पाइन ह्या झाडाची पुष्कळ शंकूफळे वर्षानुवर्षे मिटलेली राहतात आणि आगीच्या उष्णतेने उघडतात. झाड मरते, पण राखेवर त्याचे बी पसरते. ओकचे झाड वरून जळाले तरी मुळाशी जिवंत राहते आणि बुंध्यापासून पुन्हा फुटते. पहिल्या पावसानंतर काळ्या उतारांवर हिरवे कोंब दिसू लागले ते ह्यामुळेच. पुढे अडचण झाडे कमी होण्याची नव्हती, फार दाट होण्याची होती. पाइनची रोपे इतकी गर्दीने उगवतात की विरळणी केली नाही तर पुढच्या वणव्यासाठी नवे सरपण तयार होते. म्हणून रोपे उपटावी लागतात, वस्तीभोवती मोकळे पट्टे राखावे लागतात, आणि गुरे व शेळ्या चरावयास सोडाव्या लागतात.

शेळ्यांची गोष्ट तर मोठी बोधप्रद आहे. १९५० साली ह्या देशाने कायदा करून काळ्या शेळीच्या चराईवर कडक निर्बंध घातले, कारण ती रोपे खाते, रान उजाड करते, असे त्या वेळी वाटले. पण तीच शेळी वाळकी झुडपे व गवतही खात होती. ती गेली आणि रानात जळण साचत गेले. अखेर २०१८ साली क्नेसेटने तो कायदा रद्द केला. आपल्या कोकणात धनगराच्या शेळ्यांवर कुरकुर करणारे गावकरी पुष्कळ होते. त्या शेळ्या काय काम करीत होत्या, ते उशिरा का होईना ध्यानात येते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही कुटुंबे गुहेचे दर्शन घेऊन बेत ओरेनच्या रस्त्याने वर गेलो. स्मारकापाशी थांबलो, नावे वाचली, कद्दीश म्हटले. आजूबाजूला माणसाच्या उंचीहून मोठे झालेले पाइन होते आणि त्यांच्या मध्येमध्ये जुने काळे बुंधे अजून उभे होते. आमच्याबरोबर एक आजी होत्या, त्यांचे बालपण पेण तालुक्यातील एका खेड्यात गेले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडे चैत्रात डोंगर पेटायचा. पाणी कुठले तेव्हा? विहिरी तळाला गेलेल्या. सगळा गाव हिरव्या डहाळ्या घेऊन धावायचा, झोडपायचा, आणि पुढचे गवत कापून टाकायचा. आगीला खायला काही ठेवायचे नाही बाबांनो, एवढेच काम."

वनखात्याची जाळरेषा म्हणजे तरी दुसरे काय? आगीला खाण्यास काही मिळू नये म्हणून आधीच मोकळा केलेला पट्टा. आजींनी एका वाक्यात जे सांगितले, तेच मोठ्या अहवालांचेही सार आहे. वणव्याला खरे उत्तर वणवा लागण्यापूर्वी द्यावयाचे असते. आग लागल्यावर धावून जाणे हे शौर्य होय, आणि त्या शौर्याला आमचे वंदन आहे. पण ज्या समाजात कर्तव्य आधी पार पाडले जाते, तेथे सोळा वर्षांच्या मुलावर शौर्य दाखविण्याची वेळ येत नाही.

आपल्या हातातील कामे

आता आपल्या जमातीपुरते बोलू. पहिली गोष्ट गुहेची व सहलींची. आपण तेथे मेणबत्त्या लावतो, धूप जाळतो, आणि नंतर डोंगरावर मंगालवर मांस भाजतो. मेणबत्त्या नेमलेल्या जागीच लावाव्यात, वाऱ्याच्या दिवशी लावूच नयेत. मंगालचे निखारे पाणी ओतून, राख हाताला गार लागेपर्यंत विझवावेत व मगच जागा सोडावी. कार्मेलची आग एका निखाऱ्याने लागली, हे मुलांना तेथेच उभे करून सांगावे. लाग बाओमेरच्या शेकोट्यांसाठी मुले लाकडे जमवू लागतात, तेव्हा त्यांच्याबरोबर एक मोठे माणूस अवश्य असावे, आणि अधिकाऱ्यांनी शेकोट्यांना बंदी केली असेल तर "एकच लहानशी" असा हट्ट धरू नये.

दुसरी गोष्ट वडीलधाऱ्यांची. आपल्या वस्त्यांत असे कितीतरी आजी-आजोबा आहेत, ज्यांना रेडिओवरील जलद हिब्रू सूचना नीट कळत नाहीत. घर रिकामे करण्याचा हुकूम आला तर त्यांना तो मराठीत समजावून सांगणारे कोण, हे आजच ठरवून ठेवावे. प्रत्येक इमारतीत, प्रत्येक प्रार्थनालयात दोन तरुणांनी आपल्याकडे अशा घरांची यादी ठेवावी. औषधे, ओळखपत्रे, चष्मा आणि थोडे पैसे एका पिशवीत तयार असावेत. लग्नातील दागिने आणि जुने फोटो शोधण्यात वेळ घालविण्यापेक्षा, बाहेर पडा म्हटल्याबरोबर बाहेर पडावे. अग्निशामक दलाचा १०२ हा क्रमांक घरातील लहानांनाही पाठ असावा.

तिसरी गोष्ट आठवणीची. ह्या तू बिश्वातला मालिद्याचे ताट मांडाल, तेव्हा एलियाहू हन्नाबीच्या स्तवनानंतर क्षणभर थांबून कार्मेलच्या चव्वेचाळीस जणांचे स्मरण करावे, अशी आमची सर्व कुटुंबांस नम्र विनंती आहे. ज्यांना रोप लावावयाचे आहे त्यांनी ते जरूर लावावे, पण वनखाते सांगेल तेथे आणि सांगेल ते. आणि ज्यांच्या मुलांना हौस आहे त्यांनी रोपे विरळण्याच्या वा गवत काढण्याच्या कामालाही मुलांना पाठवावे. त्या कामाचे फोटो सुंदर येत नाहीत, पण रान त्यानेच वाचते.

कार्मेलवर एलियाहूने वेदी बांधली व परमेश्वराचा अग्नी तिच्यावर उतरला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती जागा अरबीत 'मुहराका', म्हणजे जळालेली जागा, ह्या नावाने ओळखली जाते. पण कथेचा पुढचा भाग आपण कमी वेळा सांगतो. त्या अग्नीनंतर नबी आपल्या सेवकाला समुद्राकडे पाहावयास पुन्हा पुन्हा पाठवीत राहिले, आणि सातव्या वेळी हाताच्या तळव्याएवढा एक ढग दिसला. आणि पुढे होरेब पर्वतावर जेव्हा वारा सुटला, धरणी हादरली व अग्नी पेटला, तेव्हा परमेश्वर त्यांपैकी कशातही नव्हता. त्यानंतरच्या शांत, हलक्या स्वरात तो होता.

तो हलका स्वर ऐकण्यासाठी अंगी धीर लागतो. विझविलेल्या निखाऱ्याचा, शेजारच्या आजींच्या दारावर मारलेल्या थापेचा, उपटलेल्या रोपाचा आवाजही तसाच हलका असतो. तो आपल्या जमातीने ऐकावा आणि आपल्या मुलांना ऐकावयास शिकवावे. मृतांच्या आत्म्यांस शांती लाभो, आणि पाऊस वेळेवर पडो. आमेन.